जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: आधी वाय-फाय तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाल्यापासून जुने लॅपटॉप भंगारात न काढता त्यांवर लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली बसवावी, असा सल्ला वारंवार वाचायला मिळतो. सल्ला रास्त आहे; आमच्या वाचनालयासाठी मी स्वतः तेच करतो. मात्र अशा लेखनात वाय-फायचा उल्लेख क्वचितच असतो आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडतो.

मागच्या महिन्यात देणगीदाखल आलेल्या एका लॅपटॉपवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा एक प्रकार बसवला. आवाज, टचपॅड, कॅमेरा सगळे विनातक्रार चालले, पण वाय-फायच्या यादीत एकही नेटवर्क दिसेना. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायच्या खिडकीत) 'एलएसपीसीआय -एनएनके' (lspci -nnk) ही आज्ञा दिल्यावर ब्रॉडकॉमचे बीसीएम ४३१४२ हे कार्ड दिसले, मात्र त्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम (ड्रायव्हर) चालू नव्हता. कर्नलमधले, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातले, मुक्त ड्रायव्हर ही चिप चालवत नाहीत. तिच्यासाठी कंपनीचा 'डब्ल्यूएल' हा बंदिस्त (सोर्स कोड खुला नसलेला) ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. तो उतरवायला इंटरनेट हवे, आणि त्या लॅपटॉपला लॅन केबलची जागाही नाही! शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले (टेदरिंग) आणि ड्रायव्हर बसवला. तरीही वाय-फाय येईना, कारण सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू होते आणि नव्या ड्रायव्हरवर ज्या किल्लीने सही झाली होती, ती यंत्रात नोंदलेली नव्हती. पुन्हा सुरू करताना येणाऱ्या निळ्या पडद्यावर ती नोंदवली, तेव्हा कुठे नेटवर्कची नावे दिसली. अख्खी दुपार त्यात गेली.

फर्मवेअरचे, म्हणजे चिपच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे, दुखणे वेगळे असते. तिथे ड्रायव्हर हजर असतो, पण चिपमध्ये भरायची फाइल 'लिब-फर्मवेअर' फोल्डरमध्ये नसते किंवा तिची आवृत्ती कर्नलला हवी ती नसते. इंटेलच्या कार्डांबाबत हे पाहायला मिळते, आणि 'डीमेसेज'मध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) हव्या असलेल्या फाइलचे नावही छापून येते, त्यामुळे ते शोधणे तुलनेने सोपे. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने तर २०२२ मध्ये मतदान घेऊन असे बंदिस्त फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचे ठरवले आणि जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून ते अमलात आणले. पण 'डब्ल्यूएल'सारखे बंदिस्त ड्रायव्हर त्यात येत नाहीत.

म्हणून विनंती अशी, की लिनक्सविषयी मार्गदर्शन छापताना, आधीची प्रणाली पुसण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (न बसवताच चालणारे) चालवून वाय-फाय जोडून पाहावे, हे ठळकपणे सांगावे. वापरलेले लॅपटॉप विकणाऱ्यांनीही 'वाय-फाय: आहे' एवढेच न लिहिता चिपचे नाव व क्रमांक द्यावा, शाळा आणि वाचनालयांनी खरेदीच्या अटींत तो मागावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक