माझा नंबर बेळगावचा, पण मी सांगलीत राहतो

माननीय केंद्रीय दळणवळण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी रात्री माझ्या खात्यातून कोणीतरी परस्पर 38,400 रुपये काढले. कार्ड बंद करण्यासाठी मी बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावला, तो थेट कन्नड बोलणाऱ्या कक्षाकडे गेला. माझे आजोळ अथणीचे, त्यामुळे कन्नडशी माझे वैर नाही. पण माझे कन्नड चहापाण्यापुरतेच आहे आणि पैसे चाललेले असताना ते पुरत नाही. महाराष्ट्राच्या कक्षाकडे फोन वळवतो, असे सांगून त्यांनी मला चाळीसएक मिनिटे सनई ऐकवली आणि फोन कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कन्नड. तोवर आणखी दोनदा पैसे गेले.

कारण एवढेच, की माझा नंबर मी 2006 साली बेळगावला नोकरीत असताना घेतला होता. फोन कोठून आला हे बँकेच्या यंत्राला दिसत नाही. त्याला फक्त नंबर दिसतो आणि सुरुवातीच्या आकड्यांवरून ते माणसाचे राज्य ठरवते. दुकानातल्या जुन्या फोनचा 0233 खरे बोलत असे, कारण त्याची तार गणपती पेठेतल्या खांबाला बांधलेली होती. मोबाइलचे तसे नाही. 3 जुलै 2015 पासून देशात कोठेही जा, नंबर तोच ठेवा, अशी मुभा आपल्याच सरकारने दिली. नंबर आणि गाव यांची फारकत आपण केली; काडीमोडाची बातमी यंत्रांना कळवायची तेवढी राहिली!

2023 साली आपल्या विभागाने आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा हाच बेळगावी नंबर सांगलीच्या टॉवरवरून बरोबर खणखणला होता. माझा ठावठिकाणा बँकेला द्या, असे मी मुळीच म्हणत नाही. फोन उचलताच यंत्राने आधी भाषा आणि पिन कोड विचारावा, मग फोन वळवावा, एवढा नियम करा.

रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. पण कळवायचे कोणाला? शाखेत गेलो तर ग्राहक सेवेला फोन करा म्हणतात. रेशनपासून सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे हेच: माणूस समोर उभा आहे आणि साहेब पडद्यावरच्या आकड्यांशी बोलत आहेत. अर्धे आयुष्य रांगेत गेले, उरलेले 'प्रतीक्षा करा' ऐकण्यात चालले आहे.

उत्तर कृपया टपालाने पाठवावे. 416416 लिहिलेले पाकीट अजून तरी सांगलीलाच येते.

आपला,
एक हळद व्यापारी, सांगली