मोटरवरचे वॅट सोडा, कंट्रोलर बघा

संपादक महोदय,

सायकलींना हब मोटरची (चाकाच्या मध्यात बसणाऱ्या मोटरची) किट बसवण्याचं आणि बिघडलेली किट दुरुस्त करण्याचं काम मी करतो. ३६ व्होल्टच्या जागी ४८ व्होल्टची बॅटरी लावली की सायकल जोरात पळते, असं आपल्या पुरवणीतल्या लेखात वाचलं. पळते, साधारण एकतृतीयांशाने जास्त. पण अख्ख्या लेखात कंट्रोलरचं, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्याचं, नाव नाही, आणि अशा वेळी आधी जातो तो कंट्रोलरच.

मोटर वाढीव व्होल्टेज बहुतेक वेळा पचवते. तिला तापवतो तो करंट. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट. कंट्रोलरचं तसं नाही, त्याच्या आतल्या भागांना व्होल्टेजची ठरलेली मर्यादा असते. ४८ व्होल्टच्या लिथियम-आयन पॅकमध्ये १३ सेल सिरीजमध्ये असतात आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ५४.६ व्होल्ट देतो. म्हणून मी आधी कंट्रोलरचं झाकण उघडून आतल्या मोठ्या कपॅसिटरवरचा आकडा वाचतो. ५० व्होल्ट छापलेले असतील तर विषय तिथेच संपला. ६३ असतील तर मॉसफेटचा (करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचा) नंबर बघायचा, मग पुढचं बोलू.

बरं, जळला नाही तरी कटऑफ, म्हणजे बॅटरी उतरल्यावर मोटर बंद करायची पातळी, राहतोच. ३६ व्होल्टचा कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टला मोटर बंद करतो. ३६ व्होल्टच्या, म्हणजे १० सेलच्या पॅकला ते ठीक. १३ सेलच्या पॅकमध्ये तोवर एकेक सेल २.४ व्होल्टपर्यंत उतरलेला असतो, म्हणजे पॅकची वाट लागली. मध्ये बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) असतो, पण तो शेवटचा आधार आहे, रोजच्या वापरातला स्विच नाही. उलट, ४८च्या कंट्रोलरला ३६चा पॅक जोडला तर पूर्ण चार्जच्या ४२ व्होल्टवरून निघालेली सायकल थोड्याच वेळात कटऑफला येऊन मान टाकते आणि गिऱ्हाईक बॅटरीला शिव्या घालतं.

मोटरवरच्या वॅटच्या स्टिकरवर तर माझा काडीचा विश्वास नाही. ३५० वॅट लिहिलेल्या मोटरला ४८ व्होल्टवर २२ अँपिअरचा कंट्रोलर लावा, बॅटरीतून हजारावर वॅट ओढले जातात. गिअरवाली हब असेल तर चढावर आतले नायलॉनचे दाते सोलून निघतात. आणि बीएमएस १५ अँपिअरचाच असेल तर ऐन चढावर सगळं बंद.

विकणाऱ्यांनी कंट्रोलरवर कमाल व्होल्टेज, कटऑफ आणि अँपिअर, तर बॅटरीवर सेलची संख्या आणि बीएमएसची मर्यादा छापावी. चार्जरच्या पिनाही वेगळ्या कराव्यात. ४२ आणि ५४.६ व्होल्टच्या चार्जरना पुष्कळदा एकच गोल पिन असते. चुकीचा चार्जर सहज आत जातो, आणि बीएमएसने दगा दिला तर आग लागू शकते. लेखाची पुरवणी म्हणून निदान एवढं तरी छापा.

– एक सायकल मेकॅनिक