भिंतीतून बाहेर आलेले ते दोन पाइप एकदा नीट बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या मराठी लोकांबद्दल, त्यांच्या नवीन घरांबद्दल नेहमी काही ना काही छापून येतं, आणि ते वाचणाऱ्यांत ज्यांची मुलं तिकडे आहेत असे आईवडील असतात आणि तिकडेच बसून ऑनलाइन वाचणारे माझ्यासारखेही असतात, म्हणून हे पत्र लिहितोय. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, मेकॅनिकल इंजिनिअर आहे, घर गरम ठेवायच्या सिस्टिमचं डिझाइन हेच रोजचं काम. घर घेताना आपली माणसं शाळा बघतात, किचन बघतात, फर्नेसबद्दल, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीबद्दल, विचारलंच तर कुठल्या कंपनीची आणि किती टक्के एफिशियंट (जळलेल्या गॅसची किती उष्णता घराला मिळते) एवढंच. पण त्या फर्नेसला हवा आणणारा आणि जळालेला गॅस बाहेर टाकणारा पाइप कसा बसवलाय हे कोणी विचारत नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की कंपनीच्या नावापेक्षा ते कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे.

आधी थोडं समजून घेऊ. एक घनफूट नैसर्गिक गॅस जाळायला साधारण दहा घनफूट हवा लागते. मध्यम घरातली ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप, फर्नेसची ताकद तासाच्या बीटीयूत सांगतात) फर्नेस तासाला ८० घनफूट गॅस खाते, म्हणजे तासाला कमीत कमी ८०० घनफूट हवा तिला कुठून तरी मिळालीच पाहिजे. हवा पुरेशी मिळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. लोकांना वाटतं गॅसचा वास आला की कळेलच, पण तो वास गॅस लीक कळावा म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, तो ज्वालेत जळून जातो, मोनॉक्साइडला काही तो येत नाही. अमेरिकेत आग न लागता, अपघाताने झालेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने दर वर्षी ४०० हून जास्त माणसं मरतात असं तिथली सरकारी आरोग्य संस्था सीडीसी सांगते.

जुन्या ८० टक्केवाल्या फर्नेसचा धूर चांगला गरम असतो, धातूच्या पाइपातून किंवा चिमणीतून आपोआप वर जातो. नवीन ९० टक्क्यांच्या वरच्या फर्नेसमध्ये दुसरा हीट एक्स्चेंजर (धुरातली उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग) असतो, तो धुरातली उष्णता इतकी काढून घेतो की धूर पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास थंड होतो आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं. हा थंड ओला धूर चिमणीतून स्वतःच्या जोरावर वर जाऊ शकत नाही, म्हणून एक छोटा पंखा त्याला प्लॅस्टिकच्या पाइपातून ढकलतो. म्हणजे या पाइपात आतून दाब असतो, जोड कच्चा राहिला तर धूर घरात येणार. आणि ते पाणी आम्लधर्मी असतं, तासाला दोनेक लिटर सहज पडतं, ते उलटं फर्नेसकडे वाहत येऊन ड्रेनमध्ये गेलंच पाहिजे, म्हणून एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या, आडव्या पाइपाला दर फुटाला पाव इंच उतार फर्नेसच्या दिशेने ठेवायचा असतो. पाव इंच म्हणजे काय मोठं, असं वाटेल, पण अर्ध्या तक्रारींचं मूळ मला तिथंच दिसतं.

ओळखीतल्या एकांच्या घरी फर्नेस कडाक्याच्या थंडीत रात्री बंद पडायची. ज्यांनी बसवली ते आले, प्रेशर स्विच बदलला, पुन्हा बंद, पुन्हा स्विच बदलला, मग म्हणाले कंट्रोल बोर्ड बदलावा लागेल, खर्च बराच येईल. मी बेसमेंटमध्ये जाऊन नुसता पाइपाखाली उभा राहिलो तर आतून गुळगुळ आवाज येत होता. पाइप टांगायच्या दोन पट्ट्यांमध्ये (हँगरमध्ये) इतकं अंतर ठेवलेलं की मधे पाइपाला झोळ आलेला आणि त्या झोळात पाणी साठून धुराची वाट अर्धी बंद झालेली. लेव्हल लावली तर बुडबुडा चक्क उलट्या बाजूला. प्रेशर स्विच बिचारा त्याचं काम चोख करत होता, धूर नीट बाहेर जात नाही हे ओळखून गॅस चालूच होऊ देत नव्हता. मधे दोन पट्ट्या जास्त मारल्या, उतार सरळ केला, त्यानंतर ती फर्नेस बंद पडलेली नाही. मला राग याचा येतो की काही ठिकाणी असा सारखा ट्रिप होणारा स्विच वायर जोडून बायपास करून टाकतात. हे जिवाशी खेळणं आहे, कोणी असं करताना दिसलं तर त्याला तिथंच थांबवा आणि दुसरा माणूस बोलवा.

दुसरी गोष्ट पाइपाच्या जाडीची. प्रत्येक फर्नेसच्या मॅन्युअलमध्ये एक तक्ता असतो, इतक्या बीटीयूला इतक्या इंचाचा पाइप आणि इतके एल्बो (पाइप वळवणारे जोड) असतील तर जास्तीत जास्त इतकी लांबी. एक ९० अंशाचा एल्बो म्हणजे साधारण पाच फूट सरळ पाइप धरतात, नक्की आकडा मॅन्युअलमध्ये असतो. समजा ३० फूट पाइप आहे आणि वाटेत बीम, डक्ट चुकवत चुकवत सात एल्बो पडले, तर तो हिशोबाने ६५ फूट झाला, आणि घाईत काम करणारा माणूस टेपने मोजतो ३० फूट आणि दोन इंची पाइप टाकून मोकळा होतो. दोनच्या जागी तीन इंची टाकला की तेवढ्याच धुराला होणारा अडथळा जवळपास सातपट कमी होतो, आणि मटेरियलच्या खर्चात फार फरक पडत नाही. तक्ता परवानगी देत असेल तर लांब पाइपाला मी तीन इंचीच सुचवतो. मात्र मनाने जाडी वाढवायची नाही, काही छोट्या मॉडेलना जाड पाइप चालत नाही, तेही त्याच तक्त्यात लिहिलेलं असतं. बसवणाऱ्याला सरळ म्हणा की तक्ता दाखव आणि माझ्यासमोर एल्बो मोज. चांगला कारागीर असेल त्याला याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

पाइप जोडायचं काम बघायला मिळालं तर जरूर उभं राहून बघा. पाइप काटकोनात कापला पाहिजे, मग आतली-बाहेरची कड घासून सगळा कीस काढला पाहिजे (आतला कीस राहिला की तिथं कचरा अडकतो), मग आधी सगळे तुकडे कोरडेच बसवून बघायचे, मग प्रायमर (प्लॅस्टिक मऊ करणारा द्रव), त्यावर सिमेंट (बांधकामाचं नाही, प्लॅस्टिक जोडायचा गोंद) दोन्हीकडे, ओलं असतानाच पाइप सॉकेटच्या तळापर्यंत दाबून पाव फेरा फिरवायचा आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवायचा, कारण सोडला तर तो स्वतःहून मागे सरकतो. जोडाभोवती सिमेंटची एकसारखी बारीक कड दिसली तर जोड चांगला. कॅनडात तर यासाठी एस६३६ (अशा पाइपाचं तिकडचं मानक) मार्क असलेलाच पाइप लागतो आणि पाइप, फिटिंग, प्रायमर, सिमेंट सगळं एकाच कंपनीच्या सिस्टिमचं असावं लागतं, तिकडच्या लोकांनी पाइपावरची छापील ओळ वाचून खात्री करून घ्या.

आता हवेच्या पाइपाबद्दल. कित्येक फर्नेस एकाच पाइपावर चालवता येतात, म्हणजे एक्झॉस्ट बाहेर आणि हवा बेसमेंटमधलीच. नियमात बसतं, पण तेव्हा जागेचा हिशोब लागतो, दर १,००० बीटीयूला ५० घनफूट जागा. ८०,००० ची फर्नेस आणि शेजारी ४०,००० चा वॉटर हीटर म्हणजे ६,००० घनफूट, आठ फूट उंचीच्या बेसमेंटमध्ये ७५० चौरस फूट मोकळं. नंतर कोणी बेसमेंट फिनिश करतं, फर्नेसभोवती छानशी खोली करून दार लावतं, आणि हवेचा विचार कोणाच्याच डोक्यात येत नाही. त्यात बाजूलाच वॉशिंग मशीन, ब्लीच, रंगाचे डबे. ब्लीचच्या वाफा ज्वालेत गेल्या की त्यातल्या क्लोरीनपासून हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि हीट एक्स्चेंजर आतून गंजतो. म्हणून जिथं शक्य आहे तिथं दुसरा पाइप टाकून हवा बाहेरूनच घ्या, थोडं जास्त काम आहे पण करून घ्याच.

बाहेर हे दोन पाइप कुठं निघतात ते सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही एकाच भिंतीवर हवेत, एक पुढे आणि एक मागे असं केलं तर वारा एका बाजूने दाबतो आणि दुसऱ्या बाजूने ओढतो, फर्नेसचा सगळा तोल जातो. एक्झॉस्ट सहसा वर आणि इनटेक (हवा आत घेणारा पाइप) खाली, मधलं अंतर मॅन्युअलप्रमाणे. तोंडं खूप जवळ आली तर बाहेर टाकलेला धूर परत आत ओढला जातो, थंडीत याची खूण उघड दिसते, इनटेकच्या तोंडावर बर्फाची जाड कड जमते. जमिनीपासून कमीत कमी १२ इंच, आणि ते जमिनीपासून म्हणजे जिथं जितका बर्फ साठतो त्याच्या वर १२ इंच, हे लोक विसरतात. खिडकीपासूनही अंतर लागतं, ५०,००० बीटीयूच्या वरच्या बाहेरून हवा घेणाऱ्या फर्नेसला अमेरिकन कोडमध्ये १२ इंच, बाकी तुमच्या गावाचा नियम आणि मॅन्युअल यात जे जास्त असेल ते. आणि बसवताना सगळं बरोबर असलं तरी नंतर घरातलीच माणसं तिथं डेक बांधतात, झुडपं लावतात, पक्षी जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी ठोकतात. त्या बारीक जाळीवर वाफ गोठते आणि तोंड पूर्ण बंद होतं, जाळी हवीच असेल तर कंपनीने दिलेलीच लावा.

बर्फाचं एवढं लिहायचं कारण आमच्याच राज्यात घडलेलं आहे. जानेवारी २००५ मध्ये प्लिमथ गावात हीटिंगचा व्हेंट, म्हणजे धूर बाहेर सोडणारं तोंड, बर्फाने बुजला आणि निकोल नावाची सात वर्षांची मुलगी कार्बन मोनॉक्साइडने गेली. तिच्या नावाने मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा झाला, ३१ मार्च २००६ पासून गॅस-तेलावर काही चालत असेल अशा घरांत मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे, प्रत्येक मजल्यावर आणि बेडरूमच्या दारापासून दहा फुटांच्या आत. व्हेंट जमिनीपासून सात फुटांपेक्षा खाली असेल तर भिंतीवर आठ फुटांवर पाटी लावावी लागते की खाली गॅस व्हेंट आहे, अडथळा ठेवू नका. ही पाटी दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकणारे मी पाहिलेत. अहो, ती बर्फ काढायला येणाऱ्या माणसासाठी आहे, राहू द्या.

अजून एक गोष्ट जी माहितगार लोकही विसरतात. जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर एकाच चिमणीत जोडलेले असायचे. नवीन फर्नेस भिंतीतून बाहेर गेली की त्या मोठ्या चिमणीत एकटा छोटा वॉटर हीटर उरतो, त्याच्या धुराने चिमणी तापत नाही, आत पाणी सुटतं, विटा खराब होतात आणि धूर वर जायच्या ऐवजी बेसमेंटमध्ये सांडतो. यावर उपाय आहे, चिमणीत योग्य मापाचा लायनर (आतून बसवायचा अरुंद पाइप) टाकायचा किंवा वॉटर हीटरही पंख्यावाला घ्यायचा. पण फर्नेसच्या कोटेशनमध्ये हे कधी लिहिलेलं नसतं, कारण त्याने किंमत वाढते आणि काम दुसऱ्याला जातं. ज्यांच्या घरी मागच्या काही वर्षांत फर्नेस बदलली असेल त्यांनी ड्रायर आणि बाथरूमचे पंखे चालू ठेवून वॉटर हीटर पाच मिनिटं चालवावा आणि त्याच्या वरच्या टोपीजवळ विझलेली काडी धरावी, धूर आत ओढला गेला तर ठीक, बाहेर आला तर हीटर बंद करून त्याच दिवशी फोन करा.

शेवटी एक विनंती आपल्या हौशी लोकांना. व्हिडिओ बघून पाइप जोडता येईल असं वाटतं, पाइप स्वस्त आहे, सिमेंट दुकानात मिळतं. मॅसॅच्युसेट्समध्ये गॅसचं काम घरमालकाने स्वतः करायला परवानगीच नाही, लायसन्सवाला माणूस आणि गावाचं परमिट लागतं, इतर राज्यांत नियम वेगळे असतील तरी परमिट काढा, कारण परमिटमुळे इन्स्पेक्टर येतो आणि तुमच्या खर्चाने दुसरे डोळे त्या पाइपावरून फिरतात. "परमिट नको, शंभर डॉलर वाचतील" असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका.

आणि जे आईवडील हिवाळ्यात मुलांकडे जातात, दिवसभर घरात तेच असतात, त्यांनी गेल्या गेल्या मुलांना विचारून ते दोन पाइप कुठं आहेत ते बघून ठेवा. बर्फ पडला की गच्च कपडे घालून, पाय सांभाळून, किंवा मुलांना सांगून, आधी तिथला बर्फ हाताने बाजूला काढायचा, फावडं पाइपावर मारायचं नाही. अलार्म वाजला, किंवा घरात सगळ्यांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून ९११ ला फोन करा, फायर ब्रिगेड मीटर घेऊन येते आणि ते आत जा म्हणेपर्यंत कोटासाठीसुद्धा परत आत जायचं नाही.

आपला नम्र,
मॅसॅच्युसेट्समधला एक वाचक