डॉज सिटीत खरे काय, नकली काय

संपादक महोदय,

एकोणिसाव्या शतकात गुरांच्या व्यापारासाठी आणि बंदूकबाजीसाठी गाजलेले, अमेरिकेतील कॅन्सास राज्यातले डॉज सिटी पाहायला जाणारे बहुतेक पर्यटक 'फ्रंट स्ट्रीट'च्या लाकडी दुकानांपुढे फोटो काढून परततात. ती दुकाने 1958 मध्ये नव्याने उभारलेली आहेत. मूळ रस्ता 1885 च्या आगीत गेला. 'बूट हिल' दफनभूमीतले मृतदेहही 1879 मध्येच दुसरीकडे हलवले गेले. थोडक्यात, देखावा चांगला आहे, पण देखावाच.

खरा अवशेष गावाच्या पश्चिमेला सुमारे 15 किलोमीटरवर, महामार्ग 50 लगत आहे. सांता फे मार्ग या जुन्या व्यापारी वाटेवरून जाणाऱ्या, जनावरांनी ओढलेल्या मालवाहू गाड्यांच्या चाकोऱ्या तिथे अजून दिसतात. खोल चर शोधत गेलात तर हाती काही लागणार नाही. गाड्या एकामागून एक न जाता शेजारी-शेजारी चालत, त्यामुळे जमीन रुंद पट्ट्यात दबली आहे. भर दुपारी सगळे सपाट दिसते. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उन्हात सावल्यांमुळे ते उथळ पन्हळ उठून दिसतात.

या गावाचा गुरांचा व्यापार का आटला, याचे उत्तर बंदुकांत नाही, गोचिडीत आहे. टेक्सासहून इथे विक्रीला हाकत आणलेल्या लाँगहॉर्न (लांब शिंगांच्या) गुरांच्या अंगावरची गोचीड रोग पसरवी. ती गुरे स्वतः तगत, स्थानिक गुरे मात्र मरत. म्हणून 1885 मध्ये कॅन्सासने टेक्सासच्या गुरांना राज्यात येण्यास बंदी केली. तारेच्या काटेरी कुंपणांनी गुरे हाकण्याच्या वाटा आधीच अडवायला सुरुवात केली होती.

– एक वाचक