आईच्या आजारपणात पाठीशी राहिलेल्यांचे आभार
दोन महिने आईच्या डाव्या नाकपुडीतून रक्त येत होतं. सीटी स्कॅनमध्ये गालाच्या सायनसचं हाड झिजलेलं दिसलं आणि खानापूरच्या आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारेना. बेळगावच्या ज्या डॉक्टरबाईंनी एमआरआय करायला लावला, गाठीभोवतीची काळी कड बोटानं दाखवली, "मावशी, हे साचलेलं जुनं रक्त वाटतंय, पण तुकडा तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही" असं मराठीत समजावलं, त्यांचे मनापासून आभार. तपासणीत गोठलेलं रक्त आणि फायब्रिनच (रक्त गोठताना तयार होणारे धागे) निघालं. दुर्बिणीतून गाठ काढली, गालावर चिरासुद्धा नाही. आणि कन्नड फॉर्म भरून देऊन आईच्या हातात गरम चहा ठेवणारे ते अण्णा! त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.