आधी टक्के नव्हे, घटक वाचा

संपादक महोदय,

कोरियन व्हिटॅमिन सी सीरम आता साध्या मेडिकल दुकानातही मागितलं जातं. बाटली हातात घेतली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती टक्के?’ खरं तर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की आत कोणतं व्हिटॅमिन सी आहे?

शुद्ध रूप म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. कोरियन ब्रँडांपैकी क्लेअर्सच्या सीरममध्ये ते ५ टक्के असतं, बाय विशट्रेंडच्या २१.५ आणि कोसआरएक्सच्या एका बाटलीत २३. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे डुकराच्या त्वचेवरचे प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाले. द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं द्रावण आंबट) ३.५च्या खाली असला तरच हे ॲसिड नीट आत शिरतं, आणि २० टक्क्यांच्या पुढे मात्रा वाढवून शोषण वाढत नाही, असं त्यांत दिसलं. म्हणजे २३ टक्क्यांतले वरचे ३ फक्त चुरचुरायचे. नाजूक किंवा मुरमांनी नुकत्याच त्रासलेल्या त्वचेला ५ ते १० टक्के पुरतात, सरावलेल्या त्वचेला १५.

दुसरा गट याच ॲसिडपासून बनवलेल्या रूपांचा: ३-ओ-एथिल ॲस्कॉर्बिक ॲसिड, ॲस्कॉर्बिल ग्लुकोसाइड, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट. ही जास्त टिकतात, कमी झोंबतात, पण गुण सावकाश देतात. गंमत म्हणजे कोरियाच्या अन्न व औषध सुरक्षा मंत्रालयाची ‘मिबेक’ घटकांची, म्हणजे त्वचा उजळवणाऱ्या घटकांची, जी यादी आहे तिच्यात ही तिन्ही रूपं आहेत. ठरलेली मात्रा ग्लुकोसाइडसाठी २ टक्के, मॅग्नेशियमवाल्यासाठी ३ टक्के. शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड मात्र त्या यादीत नाही. नायसिनमाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी३चं एक रूप, आहे, २ ते ५ टक्के. त्यामुळे खोक्यावर व्हिटॅमिन सी मोठ्या अक्षरांत असलं, तरी उजळपणाचा दावा बऱ्याचदा नायसिनमाइडच्या जोरावर केलेला असतो. नायसिनमाइड वाईट नाही, पण पैसे कशाचे मोजतोय ते कळलेलं बरं.

ते कळतं मागच्या बारीक अक्षरांत. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. फिनॉक्सिएथेनॉल हे टिकाऊपणासाठीचं रसायन १ टक्क्याहून जास्त घालता येत नाही. व्हिटॅमिन सीचं नाव त्याच्यानंतर आलं, तर ते नावापुरतंच आहे असं समजा. ‘७० टक्के हिरव्या संत्र्याचा अर्क’ म्हणजेही ७० टक्के व्हिटॅमिन सी नव्हे. लिंबाच्या १०० मिलि रसात ते साधारण ५० मिलिग्रॅम असतं आणि १५ टक्क्यांच्या तेवढ्याच सीरममध्ये १५ ग्रॅम, म्हणजे ३०० पट. (लिंबाची फोड चेहऱ्यावर घासून उन्हात जाणाऱ्यांना उजळपणा मिळत नाही, चट्टे मात्र उठू शकतात.)

तारीख वाचताना हमखास घोळ होतो. कोरियात वर्ष आधी लिहितात, त्यामुळे २७.०३.०५ म्हणजे ५ मार्च २०२७. तारखेलगतची दोन कोरियन अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचून घ्या. ‘जेजो’ असेल तर ती बनवल्याची तारीख, ‘क्काजी’ असेल तर तोवर वापरायची मुदत. बनवल्याची तारीख मुदत समजून चांगला माल टाकून देणारे आहेत, आणि उलटंही होतं.

शुद्ध ॲसिडची मोठी बाटली स्वस्त पडते, हा हिशेब फसवा आहे. १ मिलिचे साधारण २० थेंब होतात. रोज ५ थेंब वापरले तर ३० मिलिची बाटली ४ महिने चालते, पण झाकण उघडल्यावर हे ॲसिड दोन-तीन महिन्यांतच उतरायला लागतं. १५ किंवा २० मिलि, गडद काच किंवा हवा आत न घेणारा पंप, आणि जागा फ्रिजच्या दारात. न्हाणीघरातल्या फळीवर नको. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेली बाटली घरी येण्याआधीच पिवळी पडू शकते. उन्हाळ्यात दुकानातून रंग बघून घ्यावी. पाण्यासारखा किंवा फिकट पेंढ्याच्या रंगाचा द्रव चालेल, नारिंगी-तपकिरी झालेला फेकायचा. तो उजळवत तर नाहीच, वर त्वचेवर आणि उशीच्या अभ्र्यावर तपकिरी छटा सोडतो. काही सीरम मुळातच सी-बकथॉर्न नावाच्या झुडपाच्या तेलाने पिवळी असतात. तिथे पहिल्या दिवशी फोटो काढून ठेवावा, नंतर त्याच्याशी ताडून बघता येतं.

आधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं. चेहऱ्यावर पहिले दोन आठवडे एकाआड एक दिवस, सकाळी, धुऊन पूर्ण कोरड्या केलेल्या त्वचेवर ४-५ थेंब. मग मॉइश्चरायझर आणि शेवटी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन, दोन बोटांच्या लांबीइतकं. सनस्क्रीन टाळलं तर सीरमचे पैसे वाया गेले. मुरमांवरचं बेन्झॉइल पेरॉक्साइड लावत असाल तर ते रात्री, कारण ते व्हिटॅमिन सीला खराब करतं. रेटिनॉलही (व्हिटॅमिन एचं रूप) रात्रीच. मिनिटभर चुरचुरणं चालेल. लाली तासभर टिकली तर थांबावं. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि तो मुरमांच्या डागांत व निस्तेजपणात दिसतो. मूळ रंग बदलत नाही. गालावरचा वांग असेल तर फक्त सीरमवर विसंबू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं.

परदेशी सौंदर्यप्रसाधन भारतात आणायला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी लागते, आणि नोंदणी क्रमांक व आयातदाराचं नाव-पत्ता वेष्टनावर द्यावा लागतो. ते स्टिकर नसेल, तर सवलत कितीही असो, बाटली परत करावी.

– एक औषधविक्रेता, नागपूर