फेरफाराचा क्रमांक आणि फॉरेन की

म्युनिक, रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी रात्री उशिरापर्यंत काय तपासत बसते, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा नीट सांगता आले नाही, म्हणून आज लिहिते.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी लिहिलेला फेरफाराचा क्रमांक गाव नमुना 6 मध्ये सापडलाच पाहिजे, असा तलाठी असताना तुमचा आग्रह असे. आमच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या दप्तरात, हाच आग्रह ‘फॉरेन की’ नावाचा नियम धरतो: ऑर्डरवरचा ग्राहक क्रमांक ग्राहकांच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, असलाच पाहिजे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती टेबलांत ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली, त्या निबंधातच ही कल्पना आहे.

आमची जुनी माहिती मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत भरताना वेळ वाचवण्यासाठी ही तपासणी बंद ठेवली गेली होती. ती पुन्हा सुरू केली तरी मायएसक्यूएल पुढच्याच नोंदी तपासते, मागच्या पाहत नाही. त्यामुळे ज्यांचा ग्राहकच नाही अशा ऑर्डरी वर्षानुवर्षे तशाच राहिल्या. आता सर्व माहिती पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीत आणली आहे. तिथे फॉरेन की थेट लावली, तर सगळ्या जुन्या ओळी तपासून होईपर्यंत दोन्ही टेबलांत लिहिणे थांबते, आणि चालू दुकानात ते परवडत नाही. म्हणून मी ती आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून लावली, म्हणजे नव्या नोंदींना नियम लागू झाला, आणि जुन्यांची तपासणी ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ या आज्ञेने नंतर करायची ठेवली, ती चालू असताना व्यवहार अडत नाहीत.

पण तपासणी करणारी आज्ञा एका ओळीची आहे, खरे काम तिच्या आधीचे. पहिली बेवारस नोंद दिसताच ती आज्ञा नापास होते आणि एवढेच कळते. सगळ्या नोंदी आपणच शोधाव्या लागतात. त्या सरसकट पुसाव्यात, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मला ते पटले नाही, कारण प्रत्येक ऑर्डरमागे पैसे दिलेला माणूस आहे. ‘अज्ञात’ नावाचा खोटा ग्राहक तयार करून सगळ्या त्याच्या नावे लावणे तर त्याहून वाईट. जुने बॅकअप उघडून त्या ऑर्डरींचे मूळ ग्राहक मी परत मिळवले, आणि काल रात्री तपासणी पार पडली.

एक गोष्ट उरली आहे. ग्राहक क्रमांकाचा रकाना कोराच असेल, तर फॉरेन की हरकत घेत नाही. त्यासाठी वेगळा नियम लावावा लागतो, आणि अशा ऑर्डरी अजून आहेत. तुमच्या दप्तरात फेरफार क्रमांक न घातलेली नोंद सापडली, तर तुम्ही मागोवा कुठून सुरू करत होता, ते सवडीने कळवावे.

आईस नमस्कार.

तुमची लेक